नोट, नाणे आणि शटरवरची नोटीस: कायदा कशाला कसा जपतो

प्रश्न इंदूरच्या सियागंजातल्या एका किराणा दुकानदारांचा आहे. पुतण्याने घाईत ५०० च्या नोटेवर पेनाने हिशेब मांडला, तर समोरचे गिऱ्हाईक म्हणाले, हा गुन्हा आहे, तुरुंगात जाल. गल्ल्यात फाटक्या आणि रंगपंचमीच्या गेरीत (रंग उधळणाऱ्या मिरवणुकीत) भिजलेल्या नोटा साठल्या आहेत, बँक टोलवते आहे. घरात १० रुपयांच्या नाण्यांची पदके करून घ्यायचे चालले आहे. आणि इमारत जर्जर असल्याची नगर निगमची (महापालिकेची) नोटीस त्यांच्या शटरवर लागली होती, ती कुणी तरी रात्रीतून खरवडून काढली. आता आळ आपल्यावर येईल का, ही त्यांची खरी काळजी.

चारही गोष्टींना कायदा लागतो, पण सारखा नाही. नोट खराब केली तर तिची किंमत धोक्यात येते. नाणे खराब केले तर माणूस धोक्यात येतो. नोटीस काढली तर शिक्षा होऊ शकते आणि नोटीस मात्र लागू राहते. लोक बहुधा पहिल्याला घाबरतात आणि उरलेल्या दोन गोष्टी बेफिकिरीने करतात.

आधी पेनाचा हिशेब. स्वतःची नोट लिहून, चुरगाळून किंवा फाडून खराब केली म्हणून तुरुंगात घालणारे कलम आपल्याकडे नाही. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ चे कलम २७ लोक पुढे करतात, पण ते कलम बँकेला उद्देशून आहे: फाटलेल्या, विद्रूप झालेल्या किंवा फार मळलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेने पुन्हा चलनात आणू नयेत, एवढेच त्यात आहे. बँकांनी नोटांच्या गड्ड्यांना पिना मारू नयेत आणि जलचिन्हाच्या जागी काही लिहू नये, हा २००१ चा निर्देशही बँकांसाठीच होता. जनतेला नोटांवर लिहू नका, हार करू नका, वरातीत उधळू नका असे जे सांगितले जाते, ते आवाहन आहे. मात्र नोट दुसऱ्याची असेल आणि मुद्दाम फाडली, तर दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान म्हणून भारतीय न्याय संहितेचे कलम ३२४ लागू शकते.

तेव्हा आकडेमोड केलेली ती नोट वैध आहे. बँकेच्या भाषेत ती मळकी नोट, बँकेने ती घ्यायलाच हवी. गेरीत गुलाबी-हिरव्या झालेल्या नोटांनाही हेच लागू.

पण एक भेद पक्का ध्यानात ठेवा. नोटेवर राजकीय किंवा धार्मिक संदेश देणारे, अथवा कुणा व्यक्तीचा किंवा संस्थेचा फायदा साधणारे शब्द वा चित्र असेल, तर नोट परतावा नियमांनुसार तिचा दावा फेटाळला जातो आणि ती वैध चलन राहत नाही. म्हणजे "१२ × ४० = ४८०" लिहिलेली नोट चालते, पक्षाची घोषणा लिहिलेली चालत नाही, आणि दुकानाचा रबरी शिक्का मारलेली नोटही अडचणीत येऊ शकते. लक्ष्मीपूजनाला गड्डीवर कुंकवाचे बोट लावणे निराळे आणि वरच्या नोटेवर पेनाने देवाचे नाव लिहिणे निराळे. कुंकू हा डाग ठरतो, लिहिलेले नाव धार्मिक संदेश ठरू शकते. पूजेच्या गड्डीला कागदी पट्टी बांधा आणि जे लिहायचे ते पट्टीवर लिहा.

आता फाटक्या नोटांकडे येऊ. इथे बराच पैसा लोक निव्वळ मोजमाप न केल्याने घालवतात.

रिझर्व्ह बँक अधिनियमाचे कलम २८ मुळात कठोर आहे. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, तुकडा पडलेल्या किंवा सदोष नोटेची किंमत मागण्याचा हक्क कुणालाही नाही. जे मिळते ते कृपा म्हणून. ही कृपा मनमानी राहू नये म्हणून रिझर्व्ह बँकेचे नोट परतावा नियम, २००९ आहेत. नव्या मालिकेच्या लहान आकाराच्या नोटा आल्यावर २०१८ मध्ये ते सुधारले.

नियमांत तीन प्रकार आहेत. वापराने मळलेली नोट ही पहिली. दोन तुकडे झालेली, पण दोन्ही तुकडे एकाच नोटेचे, मिळून पूर्ण नोट होते आणि महत्त्वाची कोणतीही खूण गेलेली नाही, अशी चिकटवलेली नोटही यातच धरतात. जिचा काही भाग गायब आहे किंवा जिचे दोनापेक्षा जास्त तुकडे आहेत ती दुसरी, फाटकी नोट. धुतली गेलेली, आक्रसलेली, पुसट झालेली, वाचता न येणारी पण तुकडा न गेलेली ती तिसरी, सदोष नोट.

फाटक्या नोटेची किंमत क्षेत्रफळावर ठरते, आणि मोजायचा असतो तो सर्वांत मोठा अखंड तुकडा. ५० आणि त्यावरच्या नोटांसाठी हा तुकडा मूळ नोटेच्या ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, ४० च्या खाली काही नाही. २० आणि त्याखालच्या नोटांना निम्म्याची सोय नाही: ५० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, नाही तर शून्य.

हे घरी मोजता येते. नव्या मालिकेची ५०० ची नोट १५० × ६६ मिलिमीटर, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. पूर्ण किमतीला ८० आणि निम्मीला ४० चौरस सेंटिमीटर लागतात. नोट आडव्या टोकाकडून सरळ फाटली असेल तर पट्टी लावून पाहा: गेलेली पट्टी २.८ सेंटिमीटरपर्यंत असेल तर पूर्ण किंमत मिळायला हवी. उरलेला तुकडा ६.१ सेंटिमीटर लांब असला तरी निम्मी मिळते. २०० ची नोट १४६ × ६६, तिला ७८ आणि ३९ लागतात. जांभळी १०० ची १४२ × ६६, तिला ७५ आणि ३८. जुनी मोठी १०० ची १५७ × ७३ होती, म्हणून तिला ९२ आणि ४६ लागतात. नव्या नोटेचे माप तिला लावून फसू नका. निळी ५० ची १३५ × ६६, तिला ७२ आणि ३६. २० ची १२९ × ६३, तिला ४१ चौरस सेंटिमीटर हवे. वेडीवाकडी फाटलेली नोट आलेख कागदावर ठेवून कडा गिरवा आणि चौकटी मोजा. मिलिमीटरचा कागद असेल तर चूक राहत नाही.

दोनच तुकडे असतील, दोन्ही एकाच नोटेचे असतील आणि प्रत्येक ४० टक्के किंवा जास्त असेल, तर ५० आणि वरच्या नोटेची पूर्ण किंमत मिळते. एरवी चार-पाच तुकडे कितीही सुबक जोडले तरी हिशेबात धरला जातो तो एकच, सगळ्यांत मोठा. म्हणून अर्धवट फाटलेली नोट "नीट करतो" म्हणून आणखी फाडू नका.

बट्टा घेऊन फाटक्या नोटा बदलून देणाऱ्यांकडे जाण्याआधी हे मोजमाप कराच. १२ चौरस सेंटिमीटरचा कोपरा गेलेली ५०० ची नोट ८७ उरते, म्हणजे बँकेत पूर्ण ५०० ची आहे. तिच्यावर बट्टा सोडणे म्हणजे स्वतःच्या हाताने नुकसान करून घेणे आहे.

चिकटवायचेच असेल तर तुकडे मूळ रेषेवर जुळवा आणि पातळ पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी मागून लावा. अंक, सही, गांधीजींचे चित्र, वचनाची ओळ, जलचिन्हाची खिडकी या जागा झाकू नका. रुंद चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी गुंडाळली की तपासणाऱ्याला कड दिसत नाही, आणि संशय तिथेच सुरू होतो. वेगवेगळ्या नोटांचे तुकडे जोडून एक नोट उभी करणे हा तर निराळाच मामला. मुद्दाम कापलेल्या किंवा जोडतोड केलेल्या नोटा फेटाळल्या जातात, आणि मोठ्या संख्येने आणल्या तर बँक पोलिसांना कळवते. नोटेवर लिहिण्यात नसलेला गुन्हा इथे असतो, कारण इथे फसवायचा इरादा असतो.

भिजलेल्या नोटा सावलीत, पांढऱ्या सुती कापडावर एकेक पसरून वाळवा. इस्त्री फिरवू नका, नोट आक्रसते. आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणून ती पाणी बरीच सोसते. उष्णता आणि ब्लीच सोसत नाही. (तो कागद नर्मदापुरमच्या गिरणीतही बनतो आणि छपाई इंदूरच्या शेजारी देवासलाही होते. नोट मळवणाऱ्या आपल्या मंडळींना हे क्वचितच ठाऊक असते.) एकमेकींना चिकटलेला थप्पा सुटत नसेल तर सोलू नका, तसाच ठेवा.

बँकेत काय मागायचे? मळक्या नोटा दिवसाला २० नग आणि ५००० रुपयांपर्यंत असतील तर खिडकीवरच, विनाशुल्क बदलून मिळायला हव्यात. त्याहून जास्त असतील तर बँक पावती देऊन ठेवून घेऊ शकते, रक्कम मागाहून खात्यात जमा करू शकते आणि शुल्कही लावू शकते. तुमच्यासारख्या दुकानदाराने म्हणून महिनाभर साठवू नये, आठवड्याच्या आठवड्याला १५-२० नोटा नेल्या की काम खिडकीवर उरकते. फाटक्या नोटा ५ नगांपर्यंत कोणत्याही शाखेने पाहून निकाल द्यायचा असतो. शाखेला जमत नसेल तर तिने पावती द्यावी, नोटा चलन तिजोरी (करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा) असलेल्या शाखेकडे पाठवाव्यात आणि ३० दिवसांच्या आत रक्कम जमा करावी. फाटक्या नोटा ५ नगांहून जास्त किंवा ५००० रुपयांच्या वर असतील तर सरळ चलन तिजोरीच्या शाखेत जा. तुमचे खाते तिथे असायची गरज नाही. स्मॉल फायनान्स बँका आणि पेमेंट बँका यांना मात्र हे काम ऐच्छिक आहे, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

जळलेल्या, कोळसा झालेल्या, हात लावताच भुगा होणाऱ्या किंवा न सुटणाऱ्या नोटा कोणतीही शाखा घेणार नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात (नोटा जारी करणाऱ्या कार्यालयात) न्याव्या लागतात आणि आपल्यासाठी ते भोपाळला आहे. कडक डब्यात कापूस घालून, त्यावर नोटा जशा सापडल्या तशा ठेवून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या जळक्या नोटांचा मोटारीच्या धक्क्यांनी चुरा होतो आणि मोजायला अखंड तुकडाच उरत नाही. वाळवीने खाल्लेल्या पेटीतलाही बारीकसारीक तुकडा टाकून देऊ नका.

शाखेने तोंडी नकार दिला तर तिथेच नकार लेखी मागा. बहुतेक वेळा एवढ्यावर नोटा बदलून मिळतात. नाहीच मिळाल्या तर बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पोर्टलवरून तक्रार करता येते, फुकट.

नाण्यांचे तसे नाही. नाणे अधिनियम, २०११ चे कलम १२ म्हणते: नाणे वितळवू नये, नष्ट करू नये, विनिमयाखेरीज दुसऱ्या कामाला वापरू नये, वितळवलेले किंवा मोडतोड केलेले नाणे जवळ बाळगूही नये, आणि दर्शनी किमतीहून वेगळ्या भावाने विकण्यासाठी किंवा वितळवण्यासाठी गरजेबाहेर साठा करू नये. कलम १३ नुसार शिक्षा ७ वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड. १० रुपयांच्या नाण्याला भोक पाडून पदक करणे कलमाच्या शब्दांत सरळ बसते. पदकामागे पोलीस येतील असे मी म्हणत नाही, पण सोनाराच्या दुकानात अशी पन्नास नाणी सापडली तर त्याला उत्तर देणे जड जाईल. ते काम करायला त्याला सांगू नका. सराफ्यात तयार छापाची पदके मिळतात, ती घ्या. भोक पाडलेले किंवा घासलेले नाणे पुढे व्यवहारात चालतही नाही, कारण कलम ६ नुसार नाणे वैध असायला ते विद्रूप झालेले नसावे लागते.

याच कायद्यात एक गोष्ट अशी आहे जी बँकेतल्या माणसांनाही चटकन आठवत नाही. १ रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढते, आणि या कायद्याच्या व्याख्येत ती "नाणे" आहे. म्हणजे स्वतःची ५०० ची नोट फाडणाऱ्याला शिक्षेचे कलम नाही, पण १ रुपयाची नोट नष्ट करणारा कलमाच्या भाषेत कलम १२ खाली येतो. आहेराच्या पाकिटांवर नव्या १ रुपयाच्या नोटा डिंकाने चिकटवून सजावट करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

घरात जुने होळकरी रुपये असतील तर त्यांना हा कायदा लागत नाही, कारण ते आज वैध चलन नाहीत. शंभर वर्षांहून जुने असतील तर ते पुरावस्तू ठरतात आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. चांदीच्या भावाने ते मोडीत घालू नयेत असे मला कळकळीने वाटते. इंदूरच्या टांकसाळीचा ठसा पुन्हा मिळणार नाही.

आता नोटीस. पावसाळ्याच्या तोंडावर जर्जर इमारतींवर निगमच्या नोटिसा लागतात. त्या फाडल्या जातात त्या एका गैरसमजातून: कागद नाही तर नोटीस नाही.

भारतीय न्याय संहितेचे कलम २०७ इथे लागते. सक्षम लोकसेवकाचा समन्स, नोटीस किंवा आदेश बजावू न देणे, लावू न देणे, अथवा कायदेशीरपणे लावलेला तो कागद हेतुपुरस्सर काढून टाकणे हा गुन्हा आहे. शिक्षा १ महिन्यापर्यंतचा साधा कारावास किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो कागद न्यायालयात हजर राहण्याविषयी असेल तर ६ महिने आणि १०,००० रुपयांपर्यंत. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम २१५ मुळे न्यायालय त्याची दखल घेते ती संबंधित लोकसेवकाच्या, त्याच्या वरिष्ठाच्या किंवा त्याने अधिकृत केलेल्या लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच. म्हणजे शेजाऱ्याने ठाण्यात जाऊन "यांनीच फाडली" म्हटल्याने तुमच्यावर या कलमाचा खटला उभा राहत नाही.

या कलमात "हेतुपुरस्सर" हा शब्द महत्त्वाचा आहे. पावसाने कागद गळून पडला, गाईने ओढला, शटर वर करताना चिंधड्या झाल्या, हा गुन्हा नाही. शटरवर लावलेली नोटीस शटर गुंडाळले की फाटणारच. मात्र त्यावर रंग मारताना किंवा फलक बसवताना "अडचण होते" म्हणून काढली, तर हेतू नव्हता हे पटवणे कठीण. रंगकाम करायचेच असेल तर आधी निगमच्या झोन कार्यालयाला अर्ज द्या आणि नोटीस दुसऱ्या जागी लावून द्यायला सांगा.

कागद गेल्याने मुदत थांबत नाही. लावणारा कर्मचारी पंचनामा करतो, साक्षीदारांची नावे लिहितो, हल्ली फोटोही काढतो. बजावणी तिथेच पूर्ण धरली जाते. दिवाणी समन्स दाराला लावल्यावर बेलिफ तसा अहवाल न्यायालयाला देतो. फरारी आरोपीच्या उद्घोषणेत तर ती रीतसर प्रसिद्ध झाली असे न्यायालयाने लिहिले की तेच निर्णायक पुरावा मानले जाते. कर्जवसुलीतली ताबा नोटीस दाराला लावल्यावर ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांतही येते. दारावरची फाडणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, फक्त घरातल्या इतरांना वाचायला मिळत नाही आणि अपिलाचे दिवस सरून जातात.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा. नोटीस लागली त्या दिवशीचा फोटो असेल तर जपून ठेवा. नसेल तर उरलेल्या डिंकाच्या खुणांचा, शटरचा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो आजच काढा. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याची त्या रात्रीची नोंद मागून घ्या. यंत्रात जुने चित्रण आपोआप पुसले जाते, म्हणून यात दिरंगाई नको. झोन कार्यालयात दोन ओळींचा अर्ज द्या: अमुक तारखेला लागलेली नोटीस अमुक तारखेला सकाळी जागेवर नव्हती, आम्ही काढलेली नाही, प्रत मिळावी. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली स्वतःची प्रत घेतल्याशिवाय परतू नका. हा अर्ज तुमच्यावरचा आळ टाळतोच, शिवाय नोटिशीचा मजकूर आणि मुदत हाती देतो. तुम्ही भाडेकरू असाल तर हे दुप्पट महत्त्वाचे, कारण इमारत पाडायच्या नोटिशीत मालकाचे आणि तुमचे हित एक असेलच असे नाही. उत्तर मुदतीत द्या. पूर्तता झाल्यावरही कागद स्वतः काढू नका, नोटीस रद्द केल्याचे पत्र घ्या.

नोटिशीवर शाईने रेघोट्या मारणे किंवा वर जाहिरात चिकटवणे "काढून टाकणे" होते का, यावर वाद घालता येईल. पण भिंत रंगवणाऱ्याला मध्य प्रदेशचा संपत्ती विरूपण निवारण अधिनियम, १९९४ आहेच. त्यात १००० रुपयांपर्यंत दंड आहे. सरकारी फलकच मोडला तर सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध अधिनियम, १९८४ लागून प्रकरण ५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. निवडणुकीच्या दिवसांत आणखी सांभाळा: निर्वाचन अधिकाऱ्याच्या अधिकाराने लावलेली यादी किंवा सूचना कपटाने विद्रूप करणे, नष्ट करणे किंवा काढणे यासाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३६ मध्ये ६ महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि करणारा निवडणुकीच्या कामावरचा कर्मचारी असेल तर २ वर्षांपर्यंत.